कमळीच्या गळ्यातला बिल्ला

टण्णकन पेला फरशीवर पडला आणि घरंगळत थेट उंबऱ्याशी जाऊन थांबला. भर दुपारची वेळ. वीज गेलेली, त्यामुळे सालवडच्या त्या चाळीतल्या खोलीत पंख्याचीसुद्धा घरघर नव्हती. पाणी चटईपर्यंत पसरलं. सुकाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बुधीने मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने मुकाट्याने फडकं घेतलं, पाणी टिपलं, पेला विसळून पुन्हा भरला आणि या खेपेला त्याच्या डाव्या अंगाला ठेवला.

मित्रांनो, हे मी भिंतीवरच्या खिळ्यावरून पाहिलं. मी एक जुना बिल्ला आहे. पोलिसाचा नव्हे, शाळेतल्या वर्गप्रमुखाचाही नव्हे. जिथे किरणांचं काम चालतं तिथे माणसं छातीला लावतात ना, तो. कागदावर माझं लांबलचक इंग्रजी नाव आहे. कारखान्यात मला टीएलडी म्हणत, कुणी बॅज म्हणे. या घरात मात्र मी पहिल्या दिवसापासून बिल्लाच. घरातलं नाव अंगाला चिकटतं, तसं ते मला चिकटलं.

माझा जन्म साच्यातला. प्लॅस्टिकची एक चपटी डबी आणि पाठीला चिमटा, एवढंच माझं रूप. माझ्या पोटात एक पातळ कार्ड बसतं आणि त्या कार्डावर अंगठ्याच्या नखाएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या असतात. त्यांच्यासमोर माझ्या अंगाला तीन खिडक्या आहेत. एक सताड उघडी, दुसरीला प्लॅस्टिकचं झापड, तिसरीला धातूचा पत्रा. हे उगाच नाही केलेलं. किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, लागली तरी त्या क्षणी चटका बसत नाही. चकत्यांना ती कळतात. दुबळी किरणं उघड्या खिडकीतून येतात, ती माणसाच्या कातडीपाशीच अडतात. पत्र्याच्या आडसुद्धा जी पोचतात ती दांडगी. ती मांस ओलांडून फुप्फुसं, आतडी, हाडांतली मज्जा सगळ्यांना भेटून जातात. तिन्ही चकत्या एकमेकींशी ताडून पाहिल्या की समजतं, कातडीच्या वाट्याला किती आलं आणि आतल्या अंगाच्या वाट्याला किती.

पण हे समजतं लांबच्या प्रयोगशाळेत. तीन महिने झाले की माझं कार्ड काढून तिकडे पाठवतात. तिथे चकत्या तापवल्या की त्या मंद उजळतात. जितकी किरणं लागली असतील तितका उजेड. यंत्र तो उजेड मोजतं आणि मग चकती सगळं विसरून जाते, पाटी पुसावी तशी. म्हणजे कार्ड ही माझी जीभ म्हणा. ती दर तीन महिन्यांनी उपटून नेतात आणि नवी कोरी बसवतात. मी एकदाच बोलतो, तेही परक्या गावी, माझ्या माणसाच्या माघारी.

आणखी दोन गोष्टी आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी घडलं. मी किरणं अडवत नाही. एकही नाही. पाऊस मोजायला भांडं ठेवतात, त्या भांड्याने कुणी भिजायचं थांबतं का? तसा मी. आणि दुसरी गोष्ट, छातीवर बसून मला बोटांचं काही कळत नाही. बोटांसाठी मनगटाला बांधायचा माझा धाकटा भाऊ असतो. सुकाने तो एकदा मागितला होता. तेव्हा साहेब म्हणाला, “एक दिया है ना? पहले वो तो सँभाल.”

हा साहेब म्हणजे भावेश. बोईसरच्या कारखान्यांतून मोठाल्या टाक्या आणि नळ तयार होतात. त्यांच्या वेल्डिंगचे जोड आतून भरीव आहेत की पोकळ, हे किरणांनी फोटो काढून तपासावं लागतं. ते काम घेणाऱ्या एका लहानशा ठेकेदाराचा भावेश सुपरवायझर होता आणि सुका त्याच्या हाताखालचा माणूस. सुका मूळचा जव्हारकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. भातकापणी उरकली की इकडे बांधकामावर यायचा. मग लग्न झालं, कमळी झाली, आणि पोरीला शाळेत घालायचं म्हणून दोघं सालवडला खोली घेऊन राहिली. सिमेंटच्या पाट्या वाहण्यापेक्षा हे काम बरं, असं त्याला वाटलं. काम म्हणजे काय? एका जड डब्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा बंद असतो. किरणं त्याच्यातून निघतात. त्याला ते सोर्स म्हणतात. लांब उभं राहून हँडल फिरवलं की सोर्स एका नळीतून सरकत जोडापाशी जातो आणि फोटो निघतो. उलटं फिरवलं की परत डब्यात.

पहिल्या दिवशी भावेशने नव्या माणसांना रांगेत उभं केलं होतं. सुकाच्या खिशाला मला लावून त्याने माझ्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, “ये पहना है तो डरने का नहीं. ये तुम्हारा बॉडीगार्ड है. समझा?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ओरडलो असतो, पण ओरडणार कशाने?

त्या संध्याकाळी सुका मला छातीवर मिरवतच घरी आला. खरं तर काम संपलं की मला तिथेच, किरणांपासून लांब, एका ठरलेल्या जागी टांगून ठेवायचं असतं. पण ठेकेदाराने तशी जागाच केली नव्हती. सगळे आपापला बिल्ला घरी नेत. कमळी तेव्हा अंगणवाडीत जायची. तिने दारातच बापाला कडक सलाम ठोकला.

“बा पोलिस झाला!”

“पोलिस नाय गो. हा राखणदार हाय माजा. किरणांना आंगाशी येऊ देत नाय.”

“मंग याला जेवाया काय घालायचं?”

सुका पोट धरून हसला. बुधीने देवाच्या नारळाशेजारी माझ्यासाठी वेगळा खिळा ठोकला. शेजारच्या येसूबाई डोकावल्या. त्या घाटावरच्या, त्यांच्या घरचे एका रंगाच्या कारखान्यात होते, आणि जगातलं त्यांना सगळं ठाऊक असे. “आगं, माझ्या भाच्याला पण होता असला, गुजरातेत असताना,” त्या म्हणाल्या, “चार वर्षं लावला. साधी शिंक आली नाही पोराला.” झालं. बुधीने मला हळदीचं बोट लावलं.

मित्रांनो, मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू? बरंही वाटलं. प्रयोगशाळेत मी आकडा होतो. ठेकेदाराकडे मी तपासणीला साहेब आले की दाखवायची वस्तू होतो. आणि इथे एक बाई रोज सकाळी नवऱ्याचा सदरा झटकून मला त्यावर लावताना पुटपुटायची, “नीट आन रे याला घरी.” मी आणत होतो असं तिला वाटायचं. तो आपल्या पायांनी येत होता.

असे हंगामामागून हंगाम गेले. माझी जीभ दर तिमाहीला जाई आणि तिकडून कळे की सुकाला लागलंय ते थोडं, चिंतेचं काही नाही. पत्रक आलं की भावेश ते सगळ्यांपुढे नाचवी.

मग कमळीला गोवर आला. ती पहिलीत गेली होती. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, आणि ताप असा की कपाळावरचा ओला फडका बघता बघता सुकायचा. दवाखान्याचं औषध चालू होतं. पण आईच्या जिवाला औषधाने कुठे पुरतं? सकाळी सुका अंघोळीला गेला असताना बुधीने मला सदऱ्यावरून काढलं, चिमट्यात काळा दोरा ओवला आणि पोरीच्या गळ्यात बांधलं.

सुकाने बाहेर येऊन सदरा अंगात घातला, खिसा चाचपला.

“बिल्ला कुठं?”

“पोरीला बांधला.” बुधी त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तुला किरणांपासून राखतो, तर तिला येवड्याशा तापातून नाय काडनार?”

“भावेश वरडंल.”

“आज सुट्टीच हाय ना कारखान्याला? मशीन बंद, मानसं नाय. नुसतं सामान तर उतरवायचं म्हनलास.”

सुकाने कमळीच्या कपाळाला हात लावला. तो हात त्याने लगेच उचलला नाही. “ऱ्हाऊ दे,” म्हणाला, “येक दिसाचं काय.” आणि गेला.

माणसं नसतात म्हणून तर सुट्टीच्या दिवशी किरणांचं काम काढतात. हे त्यालाही माहीत होतं. पण त्या घटकेला तो कामगार नव्हता, बाप होता.

मी दिवसभर त्या तापलेल्या इवल्या छातीवर पडून राहिलो. ती मला मुठीत धरून झोपली होती. ताप मोजणं माझं काम नाही, मला त्यातलं काही कळत नाही, तरी तिचा श्वास वरखाली व्हायचा तसा मीही व्हायचो. दिवेलागणीला तिला घाम फुटला. अंग निवलं. डोळे उघडून ती म्हणाली, “आये, बोंबील भाज ना.” सातपाटीच्या मासळीवालीकडून घेतलेले सुके बोंबील घरात होते. बुधीने ते चुलीवर टाकले, आणि वास सुटला तशी मला हातात घेऊन कपाळाला लावलं.

माझ्या जन्मात माझं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही. त्यातलं अक्षरही खरं नव्हतं.

त्याच दुपारी कारखान्यात काय झालं, ते मी पाहिलेलं नाही. सुकाने पुढे बुधीला सांगितलं, तेवढंच मला ठाऊक. फोटो निघाला, भावेशने हँडल उलटं फिरवलं आणि ते मध्येच अडलं. किरणं आहेत की नाहीत हे सांगणारं एक हातातलं यंत्र असतं. त्याची बॅटरी बसली होती. भावेश म्हणाला, “आ गया अंदर. नली मुड़ गई है, सीधी कर.” सुका उकिडवा बसला. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नळी धरून त्याने ती हलके हलके सरळ केली. पानाला चुना लावून विडा तोंडात जाईल, एवढाच वेळ. सोर्स आत गेलेला नव्हता. तो तिथेच होता, त्याच्या बोटांच्या चिमटीत.

नळी सरळ झाल्यावर भावेशने पुन्हा हँडल धरलं, आणि ते फिरतच राहिलं. आत गेलेल्या सोर्सला इतके फेरे लागत नाहीत. भावेशच्या तोंडचं पाणी पळालं. “कुछ नहीं हुआ,” तो म्हणाला. “तू घर जा. और किसी को बोलना मत.”

सुकाला खरंच काही झालेलं नव्हतं. हात शाबूत, दुखणं नाही. घरी आला तर पोरगी बोंबील खात बसलेली. तो इतका सुखावला की बाकी सगळं विसरला.

किरणांचं भाजणं असं लबाड असतं. काही दिवसांनी बोटांना मुंग्या आल्या. मग ती लाल झाली, सुजली, आणि दोनतीन आठवड्यांनी फोड आले. भावेश स्वतः त्याला मोटरसायकलवर बसवून बोईसरच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. बोईसरमध्ये भाजलेला हात पुढे केला की डॉक्टर एकच विचारतो, “कुठलं केमिकल?” भावेशने सांगितलं, “ॲसिड.” मलम मिळालं. फोड फुटले, खाली नवी कातडी येईना, बोटांची टोकं काळवंडली. सुका भिंतीकडे तोंड करून दात आवळायचा. बुधी भात कालवून त्याला भरवायची, आणि कमळी खिदळायची, “बा ल्हान झाला!”

दरम्यान तिमाही भरली होती आणि माझी जीभ प्रयोगशाळेत जाऊन बोलून आली होती. ती काय बोलणार? आजारी पोरीच्या गळ्यात जे ऐकलं तेच. भावेश मोबाइल नाचवत आला. “देख, रिपोर्ट क्लीन है. मतलब किरण-बिरण कुछ नहीं.”

मी खरं तेच सांगितलं होतं, मित्रांनो. माझ्या खऱ्यावर त्यांनी खोटं बेतलं.

शेवटी पालघरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “काम काय करता?” सुकाने सांगितलं. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. चिठ्ठीत होतं, बिल्लाही सोबत आणावा. म्हणून मी बुधीच्या पिशवीत बसून मुंबई पाहिली. म्हणजे पिशवीच पाहिली.

तिथे राजनंदिनी मॅडम आल्या. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. कुणाच्या अंगाच्या कुठल्या भागाला किती किरणं लागली, याचा हिशेब काढणं हे त्यांचं काम. पोरसवदा होत्या. हातात शिंप्याची टेप. त्यांनी सुकाला खुर्चीवर बसवलं आणि डाव्या हातात चमचा दिला. उजव्याला पट्टी होती.

“सुकाभाऊ, हा चमचा म्हणजे नळी समजा. त्या दिवशी जसे बसला होतात तसे बसा. वाकला होतात? किती? डोळे कुठे होते?”

मग त्या चमच्यापासून त्याच्या छातीपर्यंत, डोळ्यांपर्यंत, गळ्यापर्यंत, बेंबीपर्यंत टेप धरू लागल्या. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, “काय हो, शर्ट शिवताय वाटतं पेशंटला?”

“शिवा मॅडम,” सुका म्हणाला. “पन हातमोजा येकच लागंल.”

कुणाला हसावं कळेना. बुधीने विचारलं, “मॅडम, हात जलला तर डोले नि प्वाट कशाला मापता?”

मॅडम तिच्याशेजारी खाटेवर टेकल्या. “चुलीची आच एकच असते ना? तिच्या बाजूला पापड ठेवा आणि बटाटा ठेवा. पापड लगेच जातो, बटाटा तग धरतो. आपल्या अंगातही तसंच आहे. हाडांतली मज्जा, आतडी, फुप्फुसं ही पापडासारखी. थोड्या किरणांचाही त्यांना जास्त धोका. कातडी, हाडं त्यामानाने चिवट. म्हणून प्रत्येकाला किती लागलं ते वेगळं काढायचं आणि ज्याचा जीव नाजूक त्याचं वजन जास्त धरायचं. मग सगळं मिळून माणसाला पुढे किती धोका, ते कळतं.”

“नि बोटं?”

“बोटं तव्यावरच ठेवली होती त्यांनी,” मॅडम हळूच म्हणाल्या. “लांब गेलं की आच झपाट्याने उतरते. छातीला थोडीच लागली असेल. रक्त तपासलं, त्यात काही दिसलं नाही. तेवढ्या थोड्याची खूण रक्तात उमटत नाही. बिल्ल्यात मात्र उमटली असती.” त्या सुकाकडे वळल्या. “बिल्ला कुठे होता, भाऊ?”

दारात भावेश उभा होता. ठेकेदाराने त्याला पाठवलं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात तो सुकाच्या कानाशी बोलला होता आणि पिशवीतून मी ते ऐकलं होतं. “बॅज नहीं था बोलेगा तो नियम तूने तोडा. नौकरी गई, भरपाई भी गई.”

सुका म्हणाला, “छातीवं होता.”

मॅडमनी टेपकडे पाहिलं. “मग जुळत नाही. नळी इतक्या जवळ होती तर बिल्ल्यात उतरायलाच हवं.”

“वही तो मैं बोल रहा हूँ,” भावेश पुढे आला. “ॲसिड का केस है, मॅडम. गाँव का आदमी है, सुनी-सुनाई बोलता है.”

“सुकाभाऊ, नीट ऐका.” मॅडमचा आवाज आता मऊ नव्हता. “उद्या सकाळी सर्जन हाताचं ठरवणार. ॲसिड असेल तर जळकी कातडी काढून मांडीची लावतील. किरणं असतील तर खालचं मांस अजून कितीतरी दिवस मरत राहणार. त्याच्यावर लावलेली कातडी सडेल, आणि मग मनगटापासून हात काढावा लागेल. बिल्ला म्हणतोय किरणं नव्हतीच. तुम्ही म्हणताय बिल्ला छातीवर होता. मी सर्जनला काय सांगू?”

सुका चमच्याकडे बघत राहिला. तो नोकरीसाठी गप्प होता, हे खरं. पण बुधीसाठीही गप्प होता. बोलला असता तर बोट तिच्याकडे वळलं असतं.

बुधीने पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. काळा दोरा अजून माझ्या चिमट्यात होता. तिने तो सोडला नव्हता.

“मॅडम,” ती म्हणाली, “ह्यो तिथं नव्हताच. त्या दिशी माज्या पोरीच्या गल्यात होता.”

“बुधे!”

“गप तू. हात तुजा जायचा हाय, माजी अब्रू नाय.” मग ती मॅडमकडे वळली. “पोरीला गोवर आलेला. मला वाटलं, ह्यो राखतो. याला राखतो तर तिला बी राखील. म्या काडला सदऱ्यावरनं. त्यानं नाय.”

भावेशने सुस्कारा सोडला. सुटल्याचा होता तो. “लिख लो, मॅडम. बिना बॅज के काम किया.”

मॅडम बुधीला हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “हा राखतो, असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

बुधीने भावेशकडे नुसतं पाहिलं. भावेशला तेवढ्यात मोबाइल बघावा लागला.

मॅडमनी तेही लिहिलं. मग त्यांनी पुन्हा टेप घेतली. अडल्या हँडलचे नंतर किती फेरे फिरले, सोर्स किती जोराचा होता, नळी किती वेळ धरली, असं एकेक विचारून बोटांच्या कातडीला किती, हाडाला किती, तळव्याला किती, छातीला किती, डोळ्यांना किती, असा अवयवागणिक हिशेब मांडला. सर्जन थांबले. ज्या भागाला वाचायचं नव्हतं तो आपणहून दिसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. अंगठा राहिला, तळवा राहिला, हात राहिला. मज्जा, आतडी, फुप्फुसं यांना लागलं ते थोडं, असं मॅडमनी बुधीला समजावून सांगितलं. पोरगी खातेपिते आहे ना, असंही विचारलं.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मी तुम्हाला आनंदाने निरोप दिला असता.

पण मॅडमच्या त्या सगळ्या हिशेबातलं ठेकेदाराने एकच वाक्य उचललं. कामगाराने बिल्ला लावला नव्हता. बसलेली बॅटरी नाही, अडलेलं हँडल नाही, “आ गया अंदर” तर नाहीच नाही. नियम सुकाने मोडला, म्हणून काम सुकाचं गेलं आणि भरपाईचं प्रकरण कुठल्याशा टेबलावर पडून आहे. बुधी आता केळव्याला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या एका घरगुती खानावळीत भांडी घासायला जाते. सुका डाव्या हाताने भात कालवायला शिकला. परवा बोईसरच्या बाजारात त्याला ठेकेदाराकडचा एक नवा माणूस भेटला. छातीवर चकचकीत बिल्ला. तो सांगत होता, साहेब फार चांगला आहे, पहिल्याच दिवशी म्हणाला, हा तुझा बॉडीगार्ड. सुकाने त्याला तिथेच बाजूला घेऊन आपला हात दाखवला. माणूस हात बघून घाबरला खरा, पण बिल्ल्यावर तळवा ठेवून म्हणाला, “माझा मी रोज लावतो, भाऊ.”

मित्रांनो, माझ्या पोटात आता कार्ड नाही. मला कुणी परत मागितलं नाही आणि बुधीने मला टाकलं नाही. मी तुमच्याकडे काय मागू? तुमच्या घरातलं कुणी असं काम करत असेल, इस्पितळात, कारखान्यात, कुठेही, तर त्याच्या छातीवर बिल्ला आहे का एवढंच विचारू नका. बोटांसाठी वेगळा आहे का, ते विचारा. हातातल्या यंत्राची बॅटरी आज तपासली का, विचारा. सोर्स आत गेला हे डोळ्यांनी नाही, यंत्राने पाहिलं का, विचारा. आणि मला जपा, पण माझ्यावर विसंबू नका. घडून गेलेलं सांगणारा मी, घडायचं थांबवणारा नव्हे. माझी पूजा करणाऱ्या त्या बाईला मी दोष देत नाही. मी जे नाही ते मी आहे, असं तिला सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्याचं एक बोटही कधी दुखलं नाही.

आज पेला पडला, पाणी पुसून झालं, आणि शाळेतून आलेल्या कमळीने स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढलं. आता ती दुसरीत आहे, वस्तू उघडून बघायचं वय. तिने माझ्या तिन्ही खिडक्यांना आळीपाळीने डोळा लावला आणि उघड्या खिडकीतून आईकडे पाहिलं.

“आये, ह्यो बाला राखत नव्हता?”

“नाय.” बुधी तांदूळ निवडत होती.

“नि मला? गोवर आला तवा?”

“तुला बी नाय. तू औषदानं बरी झाली.”

सुका चटईवर कुशीवर वळला. कमळीने मला तळहातावर ठेवून बराच वेळ न्याहाळलं. मग तिने अगदी साधेपणाने, खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं,

“मंग आये, ह्यो कोनाला राखत होता?”

बुधीची बोटं सुपातल्या तांदळात तशीच थांबली.